आंजर्ले खाडीचे भरतीपत्रक: प्रकल्प नोंदी

16 नोव्हेंबर 2024, शनिवार

काल त्रिपुरी पौर्णिमा होती, त्यामुळे आज उधाणाचे पाणी असणार हे ठाऊक असूनही आमची शिडाची होडी संध्याकाळी खाडीच्या तोंडावरच्या वाळूत बसली. सुवर्णदुर्गाला वळसा घालून परत येताना पावणेपाच वाजले होते, आणि मोबाईलमधल्या एका ॲपनुसार त्या वेळी तोंडावरच्या वाळूच्या उंचवट्यावरून जाण्याइतके पाणी शिल्लक असायला हवे होते. प्रत्यक्षात सुकाणूचे पाते आधी खरवडले आणि मग होडी हलेनाशी झाली. पाणी उतरत राहिले, होडी एका कुशीवर कलंडली आणि आम्ही तिघे गुडघाभर पाण्यात उभे राहून अंधार पडताना पाहत राहिलो. रात्री आठनंतर भरतीने उचलले तेव्हा सुटका झाली. नुकसान काही नाही, मात्र हर्णैच्या मच्छीमार बोटी बाजूच्या पाण्यातून ये-जा करत असताना आमच्याकडे पाहून जे हसू उमटत होते ते विसरण्यासारखे नाही.

रात्री ॲप नीट तपासले. वर नाव आंजर्ल्याचे होते, आकडे मात्र मुंबईचे होते. वेळही मुंबईची आणि उंचीही. कोकण किनाऱ्यावर भरतीची लाट दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते, म्हणून गोव्याची भरती मुंबईच्या सुमारे तासभर आधी होते, आणि उत्तरेकडे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ रुंद होत गेल्यामुळे पाण्याची चढउतारही वाढत जाते. आंजर्ले या दोहोंच्या मध्ये, मुंबईच्या जवळच्या बाजूला आहे. म्हणजे मुंबईचे आकडे येथे वेळेतही चुकतात आणि उंचीतही.

ठरले ते असे: या खाडीपुरते, एका पानावर मावणारे, मराठीतले भरतीपत्रक तयार करायचे, त्यासाठी वापरलेली माहिती मोफत असावी आणि आमचे पत्रकही कोणालाही मोफत वाटता यावे. ही दुसरी अट आज सहज लिहून गेलो आहे, पण काम तिच्यातच अडणार असे वाटते.

21 नोव्हेंबर 2024

चार संध्याकाळी शोधण्यात गेल्या. “मोफत” या एका शब्दाचे तीन अर्थ आहेत हे लवकर लक्षात आले: फुकट पाहता येणारे, फुकट उतरवून घेता येणारे, आणि फुकट पुढे वाटता येणारे. पहिल्या प्रकारचे रान मोकळे आहे. काही दिनदर्शिकांत मुंबईच्या वेळा छापलेल्या असतात, पावसाळ्याआधी मुंबई महापालिका साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीचे दिवस जाहीर करते आणि वर्तमानपत्रे ती यादी छापतात. तिसरा प्रकार दुर्मीळ आहे.

भारतापुरते अधिकृत भाकीत भारतीय सर्वेक्षण विभागाच्या “इंडियन टाइड टेबल्स” या वार्षिक पुस्तकात असते. हे पुस्तक विकत मिळते. प्रमुख बंदरांचे रोजचे आकडे आणि दुय्यम बंदरांसाठी त्यांत करायचे फरक अशी त्याची मांडणी आहे. विकत घेऊन वापरायला काहीच हरकत नाही, आणि ज्याला मोठ्या बोटीने जायचे आहे त्याने ते घ्यावेच. पण त्यातले आकडे उचलून आपल्या पत्रकावर छापणे मला योग्य वाटत नाही. हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा सागरी स्थितीचा अंदाज मात्र मोफत पाहता येतो आणि तो लाटांसाठी आम्ही रोज पाहतोच.

अमेरिकेची गोष्ट वेगळी आहे. नोआ ही तिथली सरकारी संस्था आपल्या स्थानकांची भाकिते तर देतेच, पण ज्या मूळ अंकांवरून ती काढली जातात तेही खुले ठेवते, आणि ते सार्वजनिक मालकीचे मानले जातात. ब्रिटनमध्ये जलालेखन कार्यालय आपल्या संकेतस्थळावर आठवडाभराचे भाकीत फुकट दाखवते. पुढचे हवे असेल तर पैसे मोजावे लागतात. तेथील नाविक याबद्दल बरीच वर्षे कुरकुरत आले आहेत.

24 नोव्हेंबर 2024, रविवार

एक्सटाइड हा डेव्हिड फ्लेटर यांचा मोफत प्रोग्रॅम बसवून पाहिला. तो उत्तम चालतो, पण त्याच्या सध्याच्या मोफत फायलीचा भर अमेरिकी स्थानकांवर आहे. नौकानयनाचे ओपनसीपीएन हे सॉफ्टवेअरही भरती दाखवते आणि शिडाच्या होड्यांवर ते फार वापरले जाते. इंटरनेटवर जुन्या फायली फिरत असतात, त्यांत मुंबई सापडते. ते आकडे कोणी, कोणत्या वर्षीच्या नोंदींवरून आणि कोणाच्या परवानगीने काढले याचा पत्ता मात्र लागत नाही. बरोबर असतीलही, पण ज्याच्या बापाचे नाव माहीत नाही असा आकडा छापायचा नाही हा नियम आज करून टाकला.

येथे “मूळ अंक” म्हणजे काय ते आमच्या दोघा सोबत्यांसाठी लिहून ठेवतो. समुद्राची चढउतार ही ठरावीक गतीच्या अनेक लहानमोठ्या लाटांची बेरीज मानली जाते. चंद्राची मुख्य लाट, जिला एम-2 म्हणतात, 12 तास 25 मिनिटांनी फिरते; सूर्याची एस-2 बरोबर 12 तासांनी; के-1 आणि ओ-1 या साधारण दिवसातून एकदा फिरणाऱ्या. या गती आकाशातून ठरतात आणि साऱ्या जगात सारख्या असतात. प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात ते दोनच आकडे: त्या लाटेची उंची आणि तिचा उशीर. ते एकदा हाती आले की पुढच्या कित्येक वर्षांची भरती घरबसल्या काढता येते. एकोणिसाव्या शतकात हेच काम पितळी चाके आणि दोऱ्यांची यंत्रे करीत. 1879 च्या सुमारास एडवर्ड रॉबर्ट्स यांनी खास भारतातल्या बंदरांसाठी असे यंत्र लंडनमध्ये करवून घेतले. मुंबईच्या अपोलो बंदरावरच्या पाणपातळीच्या नोंदी 1878 पासूनच्या आहेत. त्यांच्या मासिक सरासऱ्या लिव्हरपूलच्या समुद्रपातळी-संग्रहात कोणालाही पाहता येतात. पण मासिक सरासरीत भरती पुसली जाते, म्हणून आम्हाला त्यांचा उपयोग नाही.

30 नोव्हेंबर 2024

उपग्रहांनी समुद्राची उंची मोजून तयार केलेली जागतिक प्रारूपे हा आजचा मोठा शोध. फ्रान्सचे एफईएस 2014 नोंदणी करून मिळते. त्यात 34 घटक, म्हणजे वर सांगितलेल्या लाटा, आहेत आणि त्याची जाळी अंशाच्या सोळाव्या भागाची, म्हणजे सुमारे सात किलोमीटरची आहे. अमेरिकेच्या ओरेगॉन स्टेट विद्यापीठाचे टीपीएक्सओ संशोधनासाठी मोफत मिळते. म्युनिकच्या तंत्र विद्यापीठाचे 2021 चे ईओटी 20 हे 17 घटकांचे आणि अंशाच्या आठव्या भागाच्या जाळीचे आहे. आमच्या दृष्टीने या तिघांत ईओटी 20 उजवे ठरले. ते सर्वांत अचूक आहे म्हणून नव्हे, तर त्याचा परवाना श्रेय देऊन कोणालाही वापरू आणि वाटू देतो म्हणून.

अडचण जाळीची आहे. आठव्या भागाचा एक चौकोन सुमारे चौदा किलोमीटरचा असतो, आणि आंजर्ल्याची खाडी त्या हिशेबात जमीनच ठरते. सर्वांत जवळचा पाण्याचा चौकोन बाहेर उघड्या समुद्रात आहे. तेथून खाडीच्या तोंडापर्यंत येताना भरती किती रेंगाळते हे प्रारूपाला कळण्याचा मार्ग नाही. ते आम्हालाच मोजावे लागेल.

1 डिसेंबर 2024, रविवार

आज अमावास्या. पहाटेच्या ओहोटीला, बॅटरीच्या उजेडात, जेट्टीच्या खांबाला अडीच मीटरची मोजपट्टी बांधली आणि तिच्या शेजारी पीव्हीसीच्या नळीत दाबमापक सेन्सर सोडला. पट्टीचे शून्य जेट्टीच्या तिसऱ्या पायरीवर कोरलेल्या खुणेपासून किती खाली आहे हे पाण्याच्या नळीने पातळी काढून दोनदा मोजले, कारण पट्टी पावसाळ्यात वाहून गेली तरी पायरी राहील.

पट्टी बांधताना एक वृद्ध तांडेल, म्हणजे मच्छीमार बोटीचे प्रमुख, येऊन उभे राहिले. त्यांना आमचा उद्योग समजावून सांगितल्यावर ते म्हणाले, “अहो, तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. एवढ्यासाठी पाईप कशाला पुरता?” हा हिशेब मी लहानपणी आजोबांकडून ऐकला होता आणि पूर्ण विसरलो होतो. चतुर्थीला चाराचे पाऊण म्हणजे तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटे मागे पडतो, म्हणजे दोन घटका. तिथीमागे पाऊण तास हे त्याचेच सोपे रूप आहे. हा नियमही मोफत माहितीच आहे आणि त्याला परवाना लागत नाही, हे नोंदवून ठेवतो.

6 डिसेंबर 2024

काल चतुर्थी होती. गावात राहणाऱ्या सोबत्याने दुपारी दर पंधरा मिनिटांनी पट्टी वाचली. पूर्ण भरती अडीचच्या सुमारास झाली, तांडेलांच्या हिशेबाने तीनला व्हायला हवी होती. अर्ध्या तासाचा फरक म्हणजे कागद, पेन्सिल किंवा विजेशिवाय काढलेल्या उत्तरासाठी काहीच नाही. मात्र तिथी वेळ सांगते, उंची सांगत नाही, आणि दिवसाच्या दोन भरत्यांपैकी मोठी कोणती हेही सांगत नाही. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात उधाणाची मोठी भरती भर दुपारी येते आणि हिवाळ्यात मध्यरात्रीच्या आसपास. के-1 आणि ओ-1 या दिवसातून एकदा येणाऱ्या लाटांचा हा परिणाम आहे. तांडेलांना हे अर्थातच ठाऊक आहे. “थंडीत रात्रीचं पाणी मोठं” असे ते म्हणाले, आणि मी ते समीकरणात शोधत बसलो होतो.

14 डिसेंबर 2024

आठवडाभराची चूक आज सापडली आणि ती माझीच आहे. ईओटी 20 वरून काढलेली वेळ पट्टीशी जुळण्याऐवजी जवळजवळ उलटी येत होती: पट्टीवर ओहोटी असताना कागदावर भरती. प्रारूपाचे सगळे उशीर ग्रीनिच वेळेने दिलेले असतात आणि मी त्यांत भारतीय प्रमाणवेळ घातली होती. साडेपाच तासांत एम-2 सुमारे 159 अंश फिरते आणि 180 अंशांना पूर्ण उलटापालट होते. म्हणजे या एका चुकीने कागदावरची भरती खऱ्या ओहोटीपासून जेमतेम पाऊण तासावर येऊन बसते. दुसऱ्या देशात एखाद्या तासाची चूक लगेच नजरेत भरली नसती. साडेपाच तासांची आपली प्रमाणवेळ इतकी तरी मदत करते.

वेळ दुरुस्त केल्यावर उरलेला फरक पाहिला: प्रारूपाची भरती जेट्टीवरच्या भरतीच्या वीस-पंचवीस मिनिटे आधी येते. हा खाडीचा स्वतःचा उशीर असावा. ओहोटीला तो आणखी वाढतो, कारण पाणी उथळ झाले की त्याला बाहेर पडायला वेळ लागतो.

4 जानेवारी 2025, शनिवार

सेन्सर काढला. 34 दिवसांच्या, दर दहा मिनिटांच्या नोंदी मिळाल्या. नळीच्या तोंडाशी कालवे चिकटली होती, पण भोके बुजली नव्हती.

हार्मोनिक विश्लेषणासाठी, म्हणजे नोंदीतून एकेक लाट वेगळी काढण्यासाठी, यूटाइड हे मोफत साधन पायथन या संगणकभाषेत वापरले. महिनाभराच्या नोंदीत काय वेगळे करता येते आणि काय नाही, याचा हिशेब स्वच्छ आहे. एम-2 आणि एस-2 यांच्या गतीत इतकाच फरक आहे की ती दोन घड्याळे 14.77 दिवसांनी पुन्हा एकत्र येतात. उधाण आणि भांग (लहान भरतीचे दिवस) यांचे चक्र ते हेच. त्यामुळे पंधरा दिवसांची नोंद त्यांना वेगळे करते. एम-2 आणि एन-2 (चंद्राची आणखी एक लाट) यांना 27.55 दिवस लागतात, म्हणून महिना हवा. पण एस-2 आणि के-2, तसेच के-1 आणि पी-1, या जोड्यांना (के-2 आणि पी-1 याही अशाच लहान लाटा) सुटे व्हायला 182 दिवसांहून अधिक लागतात. ते आमच्याकडे नाहीत. या दोन जोड्यांमधले प्रमाण ईओटी 20 मधून घेतले आणि मोठ्या लाटा आमच्या नोंदीतून. म्हणजे पत्रकाचा पाया आमचा, आणि जिथे आमची फूटपट्टी आखूड पडली तिथे प्रारूपाचा हात. ही पद्धत जुनी आहे आणि लपवण्यासारखी नाही. पत्रकाच्या तळाशी ती लिहिली जाईल.

5 जानेवारी 2025

एस-2 अपेक्षेपेक्षा किंचित वेगळी का येते यावर अर्धी रात्र गेली. उत्तर हवेत होते. सेन्सर पाणी आणि त्याच्यावरची हवा या दोहोंचा दाब मोजतो. उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास वाढतो आणि पहाटे-दुपारी चारच्या सुमारास उतरतो, म्हणजे त्यालाही बरोबर बारा तासांची लाट असते. एक हेक्टोपास्कल दाबाचा फरक सेन्सरला एक सेंटिमीटर पाण्यासारखा दिसतो. सूर्याच्या भरतीत हवेची भरती मिसळत होती. सोबत्याच्या घरी ठेवलेल्या बॅरोमीटरच्या ताशी नोंदी होत्याच. त्या वजा केल्या आणि एस-2 जागेवर आली. प्रश्न सेंटिमीटरभराचाच होता, पण तो कुठून येतो हे कळल्याशिवाय पुढे जाववत नव्हते.

11 जानेवारी 2025

आजचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे: शून्य कोठे धरायचे?

प्रारूप आणि विश्लेषण दोन्ही सरासरी समुद्रपातळीपासून वर-खाली मोजतात, म्हणून निम्मे आकडे उणे येतात. नाविकाला उणे आकडा नको असतो. सागरी नकाशावरची खोली ज्या खालच्या पातळीपासून मोजलेली असते, तिच्यावर आता किती पाणी आहे एवढेच त्याला हवे असते. भारतासाठी ही पातळी ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉर्ज डार्विन यांनी सुचवली होती: सरासरी पातळीतून एम-2, एस-2, के-1 आणि ओ-1 या चार लाटांच्या उंचींची बेरीज वजा करायची. मुंबईसाठी करून पाहिले. तेथे एम-2 सुमारे 1.23 मीटर, एस-2 0.48, के-1 0.42 आणि ओ-1 0.20 धरली तर बेरीज 2.33 येते; मुंबई बंदराच्या नकाशात सरासरी पातळी शून्यापासून 2.51 मीटरवर दिलेली असते. वीतभराच्या आतला हा फरक पाहून सूत्राबद्दल खात्री वाटली. तेथे उधाणाची सरासरी भरती 4.42 आणि ओहोटी 0.76 असते, म्हणजे साडेतीन मीटरहून अधिक चढउतार. आमच्या पट्टीवर ती बरीच कमी आहे. नोव्हेंबरात ॲपमधले मुंबईचे आकडे आम्हाला वाळूत का घेऊन गेले, ते आता आकड्यांत दिसले.

चारही लाटा आमच्या विश्लेषणातून घेऊन आंजर्ल्याचे शून्य ठरवले आणि ते पायरीवरच्या खुणेशी जोडले. आता पत्रकातला प्रत्येक आकडा त्या पायरीपासून मोजून तपासता येईल. ज्या पत्रकावर उंची दिली आहे पण शून्य दिलेले नाही, ते मोफत असले तरी महाग पडते.

19 जानेवारी 2025, रविवार

नौकेपेक्षा लहान होडीत बसून खाडीच्या तोंडावरच्या वाळूची खोली मोजली. दोरीला शिशाचा गोळा बांधला होता, प्रत्येक वितीवर लाल धागा. बावीस ठिकाणी दोरी सोडली आणि प्रत्येक वेळ घड्याळात लिहिली, मग त्या वेळचे पट्टीवरचे पाणी वजा केले. उंचवट्याचा सर्वांत उंच भाग आमच्या शून्याच्या थोडा वर आहे, म्हणजे मोठ्या उधाणाच्या ओहोटीला तो उघडा पडतो. आमच्या होडीला 1.1 मीटर पाणी लागते. वर अर्धा मीटर राखीव धरला की पत्रकात कोणता आकडा दिसल्यावर आत यायचे हे ठरते.

ही वाळू पावसाळ्यात जागा बदलते. त्यामुळे खोलीचा नकाशा पत्रकावर छापायचा नाही, असे तिघांनी मिळून ठरवले. भरती वर्षभर खरी राहील, वाळू राहणार नाही.

1 फेब्रुवारी 2025

परवान्याचे काम संपवले. ईओटी 20 चे श्रेय तळाशी, आमच्या स्वतःच्या नोंदी त्याच अटीवर खुल्या. सर्वेक्षण विभागाच्या पुस्तकातला एकही आकडा वापरलेला नाही. रत्नागिरी आणि मुंबईच्या अधिकृत वेळांशी आमच्या वेळा केवळ ताडून पाहिल्या, त्या दोन्हींच्या मध्ये पडतात. केंद्र सरकारने 2017 मध्ये खुल्या सरकारी डेटासाठी परवाना आणला आहे. भरतीचे मूळ अंक एक दिवस त्याखाली आले तर आमच्यासारख्यांना नळी पुरत बसावे लागणार नाही, आणि मला त्याचे वाईट वाटणार नाही.

पत्रकात फक्त भरती-ओहोटीच्या वेळा आणि उंची आहेत. मधल्या वेळेसाठी बाराव्या हिश्श्याचा जुना नियम खाली दिला: सहा तासांत पाणी अनुक्रमे एक, दोन, तीन, तीन, दोन, एक अशा हिश्शांनी चढते. उतार-चढावातला फरक 2.4 मीटर असेल तर पहिल्या तासात 20 सेंटिमीटर, दुसऱ्यात 40, तिसऱ्या-चौथ्यात प्रत्येकी 60. नोव्हेंबरात आम्ही नेमके मधल्या दोन तासांत, पाणी सर्वांत वेगाने उतरत असताना तोंडाशी आलो होतो.

इशाराही घातला: हा आकडा चंद्र-सूर्याचा आहे. वारा, लांबून येणाऱ्या लाटा, हवेचा कमी दाब आणि नदीचा पूर यांतले काहीही त्यात नाही. तो जहाजांसाठी नाही आणि अधिकृत सारणीला पर्याय नाही.

2 मार्च 2025, रविवार

अमावास्येनंतरचा दुसरा दिवस, विषुवाजवळचे मोठे उधाण. मुद्दाम संध्याकाळच्या ओहोटीला बाहेर थांबलो आणि पाणी चढू लागल्यावर पत्रकाने सांगितलेल्या वेळेला आत शिरलो. सुकाणूचे पाते कुठेही लागले नाही. पट्टीवरची उंची पत्रकापेक्षा आठ सेंटिमीटर जास्त निघाली. दिवसभर पश्चिमेचा वारा होता.

मार्च ते मे महिन्यांच्या पत्रकाच्या पहिल्या दहा प्रती छापून जेट्टीवर लावल्या आणि वाटल्या. तांडेलांनी चष्मा चढवून पान वरपासून खालपर्यंत वाचले, उद्याच्या भरतीची वेळ बोटांवर मोजून पाहिली आणि विचारले, “सगळं बरोबर आहे, पण तिथी कुठे आहे?” तारखेच्या शेजारी तिथीचा स्तंभ घालून पान पुन्हा मांडले आहे. उंचीचे अक्षर त्यासाठी एका अंकाने लहान करावे लागले. उद्या दुकानदाराकडे चाळीस प्रती टाकायच्या आहेत.